गाजराने उलगडलेले आयरिसचे दुखणे

आयरिसची पाने पिवळी पडली, कंद पिळपिळीत होऊन घाण वास सुटला, तर समजावे : मऊ कूज लागली. जीवाणूंमुळे वनस्पतींना रोग होतात, हेच जर्मनीचे आल्फ्रेड फिशर मानत नव्हते. अमेरिकेच्या अर्विन स्मिथ यांनी त्यांना पुराव्यानिशी उत्तर दिले. १९०१ मध्ये व्हरमाँटच्या एल. आर. जोन्स यांनी गाजर कुजवणाऱ्या जीवाणूचे वर्णन केले. पेशींना सांधणारा थर तो विरघळवतो, हेही त्यांनी पुढे दाखवले. आयरिसचा शत्रू हाच. तो जखमेतून शिरतो, ओलाव्यात फोफावतो. म्हणून झाड टाकू नका. कुजका भाग खरवडा, कंद उन्हात सुकवा आणि निचऱ्याच्या जमिनीत उथळ लावा.