एका गोळीची वंशावळ

गर्भवती स्त्रीला सरकारी आरोग्य केंद्रातून लोह आणि फॉलिक ॲसिड यांची गोळी दिली जाते, हे सर्वांना परिचित आहे. मात्र या गोळीच्या वंशावळीत मुंबईच्या कापड गिरण्यांतील कामगार स्त्रियांचे स्थान आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. जीवनसत्त्वांच्या गोळ्या केव्हा घ्याव्यात आणि केव्हा घेऊ नयेत, या आज घरोघरी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाचे उत्तरही याच इतिहासात दडलेले आहे.

१९२८ साली डॉ. ल्यूसी विल्स ही इंग्रज संशोधिका मुंबईत आली. गरोदरपणात होणाऱ्या तीव्र रक्तक्षयाने त्या काळी अनेक स्त्रिया दगावत. या रक्तक्षयात रक्तातील तांबड्या पेशी संख्येने घटत, पण आकाराने मात्र नेहमीपेक्षा मोठ्या दिसत. केवळ लोहाच्या अभावाने होणाऱ्या रक्तक्षयात पेशी लहान होतात. तेव्हा हा रोग निराळा होता. हाफकिन संस्थेत राहून विल्स यांनी प्रथम जंतुसंसर्गाचा माग काढला. तो निष्फळ ठरल्यावर त्यांनी रुग्ण स्त्रियांच्या आहाराकडे लक्ष वळवले. कोणत्या घरात काय शिजते, भाजीपाला व फळे किती मिळतात, याची त्यांनी विचारपूस केली. गरीब घरांतील निकृष्ट आहार आणि हा रोग यांचा संबंध त्यांच्या ध्यानात आला.

त्याच सुमारास यकृत खाऊ घातल्याने घातक रक्तक्षय बरा होतो, हे अमेरिकेतील मायनॉट आणि मर्फी यांनी १९२६ साली दाखवून दिले होते. परंतु यकृताचा अर्क महाग होता. गिरणी कामगाराच्या कुटुंबाला तो परवडणारा नव्हता. स्वस्त पर्यायाच्या शोधात विल्स यांनी निकृष्ट आहारावर ठेवलेल्या प्राण्यांवर प्रयोग केले. त्यांत रक्तक्षय झालेल्या माकडाला यीस्टचा अर्क, म्हणजे इंग्लंडमध्ये पावाला लावून खाल्ला जाणारा ‘मार्माईट’, दिल्यावर त्याच्या प्रकृतीत लक्षणीय सुधारणा झाली. मुंबईच्या रुग्ण स्त्रियांनाही त्याचा गुण आला. १९३१ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पुढील काही वर्षांत आणखी एक गोष्ट स्पष्ट झाली. घातक रक्तक्षय बरा करणारा यकृताचा शुद्ध केलेला अर्क या स्त्रियांना उपयोगी पडत नव्हता. कच्चा अर्क मात्र गुणकारी होता. याचा अर्थ असा की, दोन्ही रोगांत पेशी सारख्याच दिसल्या तरी उणीव दोन वेगवेगळ्या द्रव्यांची होती.

यीस्टमधील हे अज्ञात द्रव्य दीर्घकाळ ‘विल्स घटक’ या नावाने ओळखले जाई. १९४१ साली अमेरिकेत पालकाच्या पानांतून एक द्रव्य वेगळे करण्यात आले आणि पानाच्या लॅटिन नावावरून त्याला फॉलिक ॲसिड म्हटले गेले. १९४५ साली लेडर्ली प्रयोगशाळेत ते कृत्रिम रीतीने तयार झाले. तेथील संशोधनाची धुरा भीमावरम येथे जन्मलेल्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याकडे होती.

औषध हाती येताच उत्साहाच्या भरात ते घातक रक्तक्षयाच्या रोग्यांनाही देण्यात आले. त्यांचे रक्त सुधारले; परंतु अनेकांच्या मज्जातंतूंचा ऱ्हास चालूच राहिला, काहींचा तर वाढला. त्यांची खरी उणीव दुसऱ्याच जीवनसत्त्वाची होती. ते बी-१२ जीवनसत्त्व १९४८ साली वेगळे केले गेले. रक्ताचा अहवाल सुधारला म्हणजे रोग बरा झाला असे नव्हे, हा धडा वैद्यकशास्त्राला अशा रीतीने मिळाला. बी-१२ वनस्पतिजन्य आहारात जवळजवळ नसते. म्हणून शाकाहारी कुटुंबांनी, विशेषतः वृद्धांनी, हा धडा स्मरणात ठेवावयास हवा. हातापायांना मुंग्या येणे, तोल जाणे, विस्मरण वाढणे यांकडे ‘वयाचा परिणाम’ म्हणून दुर्लक्ष न करता बी-१२ ची तपासणी करून घेणे श्रेयस्कर.

याच इतिहासाची दुसरी बाजूही आहे. १९९१ साली सात देशांत झालेल्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मेंदू व पाठीच्या कण्याच्या जन्मजात व्यंगाचे अपत्य किंवा गर्भ ज्यांच्या वाट्याला पूर्वी आला होता, अशा स्त्रियांनी गर्भधारणेपूर्वीपासून फॉलिक ॲसिड घेतल्यास त्या व्यंगाची पुनरावृत्ती ७२ टक्क्यांनी टळते, असे त्यात आढळले. गर्भाची मज्जानलिका पहिल्या चार आठवड्यांतच मिटते. तेव्हा आपण गरोदर आहोत हे बहुतेक स्त्रियांना कळलेलेही नसते. येथे उणीव दिसून येईपर्यंत थांबणे म्हणजे वेळ दवडणे. म्हणूनच अपत्याची इच्छा असणाऱ्या स्त्रीने रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड आधीपासून सुरू करावे, असा सल्ला दिला जातो. पूर्वी असे व्यंग झाले असल्यास डॉक्टर मोठी मात्रा ठरवून देतात. भारतात गर्भवतीला ६० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिडची गोळी रोज एक याप्रमाणे १८० दिवस, आणि प्रसूतीनंतरही तितकेच दिवस देण्याचे धोरण आहे.

तात्पर्य, जेथे गरज सिद्ध झाली आहे आणि काळ थोडा आहे, तेथे गोळी अगत्याने घ्यावी. अन्यत्र आधी उणीव कशाची आहे ते तपासावे. अशक्तपणा वाटतो म्हणून शेजाऱ्याचे टॉनिक आणणे हा उपचार नव्हे. अ आणि ड ही जीवनसत्त्वे तर शरीरात साठून राहतात आणि अतिरेक झाल्यास अपाय करतात. गरोदरपणात अ जीवनसत्त्वाचा अतिरेक गर्भालाही घातक ठरू शकतो. पालेभाज्या आणि डाळी यांत फॉलिक ॲसिडच्या कुळातील द्रव्य असते, पण फार वेळ उकळून पाणी फेकून दिल्यास ते बरेचसे वाया जाते. ल्यूसी विल्स यांनी आधी ताट पाहिले, रक्त तपासले आणि मग औषध शोधले. जवळजवळ शंभर वर्षे उलटली तरी तो क्रम बदलण्याचे कारण दिसत नाही.