सौर नियंत्रक

सौर उष्णजल संयंत्राचा पंप आणि सौर बॅटरीचे चार्जिंग यांवर देखरेख ठेवणारे इलेक्ट्रॉनिक उपकरण. गच्चीवरच्या घरगुती संयंत्राला बहुधा ते लागतच नाही. तापलेले पाणी हलके होऊन आपोआप वरच्या टाकीत चढते. वसतिगृहात किंवा रुग्णालयात टाकी खाली आणि संग्राहक वर असले, की पंप येतो व त्याच्याबरोबर नियंत्रक. एक संवेदक संग्राहकाच्या मुखाशी, दुसरा टाकीच्या तळाशी. तापमानातील फरक साधारण ८° से. झाला की पंप सुरू, ३–४° वर उतरला की बंद. दोन्ही मर्यादा एकच ठेवल्या, तर ढगाळ दिवशी पंप चालू-बंद करणारा रिले सारखा टकटकत राहतो आणि त्याचे संपर्कबिंदू जळतात.

बॅटरीचे काम अधिक नाजूक. १२ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी २५° से. ला सुमारे १४.४ व्होल्टपर्यंत चार्ज करतात. तापमान १०° ने वाढले, की ही मर्यादा पावएक व्होल्ट खाली आणावी लागते. इंदूरसारख्या शहरात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. मर्यादा अशी खाली आणण्याची सोय नसलेला नियंत्रक तेव्हा बॅटरीतले पाणी भराभर आटवतो.

याच इंदूरमध्ये परदेशीपुऱ्यात इलेक्ट्रॉनिक कॉम्प्लेक्स ही औद्योगिक वसाहत आहे. मागणीबरहुकूम नियंत्रक बनवणे मोठ्या कारखान्यापेक्षा अशा वसाहतींतील लघुउद्योगांनाच अधिक मानवते: नग थोडे, गिऱ्हाइकागणिक अट वेगळी. सर्किट बोर्ड तोच ठेवून मायक्रोकंट्रोलरमधील प्रोग्रॅम बदलला, की बरेचसे भागते. संवेदकाच्या लांब तारेवाटे शिरणारा विजेचा झटका मात्र प्रोग्रॅमने अडत नाही.