अर्धशक्ती आणि नाडीचा हिशेब

व्यायाम करा असे सांगणारे पुष्कळ भेटतात. तो कोठे थांबवावा हे सांगणारे थोडे. अंगावर मेद चढलेल्या, पन्नाशीकडे झुकलेल्या गृहस्थाला तर हा दुसरा प्रश्नच अधिक जिव्हाळ्याचा असतो. वजन उतरविण्याच्या ईर्षेने तो एके दिवशी सकाळी धावू लागतो. चार मिनिटांत छाती भात्यासारखी हलू लागते, मनगटावरचे यंत्र 160, 165 असे आकडे दाखवू लागते, आणि हे हृदयाला हितकर की घातक, हे त्या बिचाऱ्याला उमगत नाही. या प्रश्नाचे उत्तर माणसाने वेळोवेळी कसकसे शोधले, त्याचा इतिहास आज पाहावयाचा आहे.

आपल्याकडील वैद्यकात स्थूलतेचा विचार फार जुना आहे. चरकाने शरीररचनेच्या दृष्टीने निंद्य असे आठ पुरुष सांगितले, त्यांत अतिस्थूल व अतिकृश हे दोघे येतात. आणि या दोघांतही कृश बरा, असा त्याने निर्वाळा दिला आहे. लठ्ठ माणसाला थोड्या श्रमाने धाप लागते, घाम फार येतो, भूक-तहान अनावर होते, हे त्याचे निरीक्षण आजही कोणत्याही बागेतील फिरस्त्यांकडे पाहून पडताळून घ्यावे. मेद घालविण्यासाठी तो व्यायाम सांगतो, पण तो क्रमाक्रमाने वाढवावा, अशी अट घालतो. सुश्रुत आणि वाग्भट यांनी याच्या पुढची पायरी गाठली. व्यायाम अर्ध्या शक्तीने करावा, असे त्यांचे म्हणणे. आता ही अर्धी शक्ती मोजावी कशी? सुश्रुताचे उत्तर असे की, हृदयस्थानीचा वायू मुखाशी येऊ लागला, म्हणजे तोंडाने श्वास घ्यावासा वाटू लागला, की अर्धे बळ खर्च झाले असे समजावे. शिवाय वय, बळ, शरीर, देश, काल आणि आहार ही सारी पाहून मग व्यायाम करावा, असेही तो बजावतो. वाग्भट तर थंडीत व वसंतात अर्धशक्ती आणि एरवी त्याहूनही कमी, असा ऋतूंचा भेद करतो.

आमच्या पूर्वजांना सर्व काही ठाऊक होते, असे म्हणणाऱ्यांच्या पंक्तीला मी बसत नाही. रक्ताभिसरणाची आजची कल्पना त्यांना नव्हती, आणि नाडीचे ठोके मिनिटाच्या मापाने कोणी मोजीत नव्हते. शार्ङ्गधराच्या ग्रंथात नाडीपरीक्षा येते ती सर्प, बेडूक, हंस यांच्या गतींच्या उपमांनी. म्हणजे नाडीची चाल तेथे पाहिली जाते, संख्या नव्हे. पण श्वास हे श्रमाचे माप होय, एवढे त्यांनी अचूक हेरले होते.

पुढे तालमींच्या काळी मोजदाद आली ती जोरांची आणि बैठकांची. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला नवे रूप दिले आणि त्यांच्या शिष्यपरंपरेने ती विद्या गावोगाव नेली. आपल्या वऱ्हाडात वैद्य बंधूंनी 1914 साली अमरावतीस हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढले. त्याचे पथक 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या प्रसंगी देशी व्यायामप्रकार परदेशीयांना दाखवून आले. औंधाचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा प्रसार हे जीवितकार्यच मानले, आणि 1928 साली त्यावर इंग्रजीत पुस्तक लिहून तो महाराष्ट्राबाहेर नेला. या सर्वांच्या पद्धतीत एक गोष्ट समान होती. आज किती काढले, उद्या किती काढावयाचे, ही संख्या हळूहळू चढत जाई आणि पठ्ठ्याच्या दमावर वस्तादाची नजर असे. ती नजर हेच तेथले नाडीयंत्र. चाळिशी उलटलेला, चरबीने सुटलेला नवखा मनुष्य मात्र त्या लाल मातीत क्वचितच उतरे. आणि आज नेमका तोच व्यायामशाळेच्या दारात उभा आहे.

नाडी घड्याळाने मोजण्याची कल्पना इंग्रज वैद्य सर जॉन फ्लॉयर याची. त्याने बरोबर एक मिनिट चालणारे घड्याळ करवून घेतले आणि 1707 साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. तथापि नाडी म्हणजेच हृदय, असे समजण्यात एक खोच आहे, आणि तिचा उलगडा होण्यात लोणावळ्याचाही वाटा आहे. बडोद्याच्या माणिकरावांच्या आखाड्यात तयार झालेले स्वामी कुवलयानंद यांनी 1924 मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिले आणि आसने करणाऱ्यांचा रक्तदाब मोजणे, क्ष-किरण चित्रे घेणे असे प्रयोग आरंभिले. योगाचा महिमा गाणारे त्या वेळी पुष्कळ होते. तो यंत्राखाली ठेवून पाहणारा हा विरळा. पुढे 1935 साली तेरेझ ब्रॉस नावाच्या फ्रेंच हृदयरोगतज्ज्ञ बाई हृदयाचा विद्युत्-आलेख काढणारे यंत्र घेऊन हिंदुस्थानात आल्या, आणि योगी आपले हृदय इच्छेने थांबवू शकतो की काय, अशी चर्चा त्यांच्या आलेखांवरून सुरू झाली. वेंगर, बागची आणि आनंद या तिघांनी 1961 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांनी तिचा निकाल लावला. या योग्यांच्या मनगटाची नाडी लागत नव्हती आणि हृदयाचा ध्वनीही ऐकू येत नव्हता. पण आलेखावर हृदय खुशाल चालू होते. श्वास कोंडून छातीचे व पोटाचे स्नायू आवळल्याने हृदयाकडे परतणारे रक्त अडले, म्हणून नाडी क्षीण झाली, इतकेच.

ही गोष्ट नुसती मनोरंजक नाही. वजने उचलताना दम कोंडून धरण्याची खोड पुष्कळांना असते, आणि तीत हेच घडते. फरक एवढाच की येथे स्नायूंवर भारही असतो. कॅनडात मॅकडूगल व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1985 मध्ये सरावलेल्या पाच जणांच्या धमनीत नळी घालून, दोन्ही पायांनी भार रेटतानाचा रक्तदाब मोजला. सरासरी 320 वर 250 भरली. नाडीचा आकडा त्या क्षणी फारसा भयंकर दिसत नाही, म्हणून आपण सुरक्षित आहोत, अशी समजूत ज्याने करून घेतली असेल त्याने ती सोडावी. भार उचलताना श्वास सोडावा.

आता त्या प्रसिद्ध सूत्राकडे वळू. फिनलंडचे कार्व्होनेन यांनी 1957 मध्ये काही तरुणांना फिरत्या पट्ट्यावर धाववून असे दाखविले की, विश्रांतीची नाडी आणि कमाल नाडी यांतील अंतर हेच खरे भांडवल. त्यातील किती भाग खर्च होतो यावर व्यायामाचा गुण अवलंबून असतो. पन्नास वर्षांच्या माणसाची कमाल नाडी 170 आणि विश्रांतीची 80 धरली, तर भांडवल 90 ठोक्यांचे. त्याचे निम्मे खर्च केले म्हणजे नाडी 125 वर येते. वाग्भटाची अर्धशक्ती ती हीच, असे म्हणण्याचा मोह होतो, पण ते साम्य शब्दांचे आहे. नवख्याने आरंभ येथपासून करावा, एवढे मात्र त्यावरून खुशाल घ्यावे.

ही कमाल नाडी 220 मधून वय वजा करून काढतात. हा हिशेब फॉक्स, नॉटन आणि हॅस्केल यांच्या 1971 च्या लेखामुळे जगभर पसरला, आणि गंमत अशी की, तो मुद्दाम केलेल्या एखाद्या प्रयोगातून निघालेला नाही. हाती असलेल्या थोड्याशा अभ्यासांतील आकडे कागदावर मांडून त्यांतून ओढलेली ती रेषा होती. ती काटेकोर नियम म्हणून वापरावी असा आपला हेतू नव्हता, असे हॅस्केल यांनी पुढे सांगितले. पण तोवर ती व्यायामशाळांच्या भिंतींवर चिकटली होती. तनाका यांनी 2001 मध्ये 351 अभ्यासांतील 18,712 व्यक्तींचे आकडे एकत्र करून नवे सूत्र दिले. त्यानुसार वयाला 0.7 ने गुणावे व तो गुणाकार 208 मधून वजा करावा. चाळिसाव्या वर्षी दोन्ही सूत्रांनी 180 च येतात. साठाव्या वर्षी मात्र जुने 160 सांगते, तर नवे 166. तरीही हे सरासरीचे आकडे. एकाच वयाच्या दोन निरोगी माणसांच्या कमाल नाडीत वीस ठोक्यांचा फरक सहज असतो. तेव्हा 165 हा आकडा एकाला कळस असेल आणि दुसऱ्याला नुसती चढण. रक्तदाबासाठी अटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉलसारखी नाडी मंद करणारी गोळी चालू असेल, तर दोन्ही सूत्रे कुचकामी ठरतात. अशा वेळी सुश्रुताचाच मार्ग शिल्लक राहतो. चालता चालता सोबत्याशी बोलता आले पाहिजे. गाणे म्हणता येण्याइतका दम मात्र उरलेला नसावा.

मेद जाळण्याचा एक खास पट्टा असतो, असे यंत्रावरील रंगीत तक्ते सांगतात. त्यात अर्धे सत्य आहे. मंद श्रमात खर्चाच्या रुपयातले दहा आणे चरबीच्या थैलीतून निघत असतील, तर तीव्र श्रमात सहाच. पण तीव्र श्रमात तेवढ्याच वेळात दोन रुपये खर्च होतात, म्हणून हाती हिशेब बाराच आण्यांचा येतो. तरीसुद्धा मी लठ्ठ नवख्याला चालण्याचाच सल्ला देईन, कारण तो तासभर चालू शकतो आणि पाच मिनिटे धावू शकत नाही. एक किलो चरबीत सुमारे 7,700 कॅलरी साठलेल्या असतात. ऐंशी किलोचा मनुष्य तासभर झपझप चालला तर साडेतीनशेच्या आसपास वेचतो. सेमिनरी हिल्सवरून उतरून तर्री-पोह्यांच्या गाडीशी थांबणाऱ्या माझ्या नागपूरकर बंधूंनी हा भागाकार घरी करून पाहावा.

घाई का नको, याचा सर्वांत बोलका पुरावा मिटलमन यांच्या 1993 च्या अमेरिकन अभ्यासात आहे. हृदयविकाराचा झटका आलेल्या 1,228 रुग्णांना त्यांनी झटक्यापूर्वीच्या तासाभराविषयी विचारले. जोराच्या श्रमानंतरच्या एका तासात झटक्याचा धोका एरवीपेक्षा सुमारे सहापट वाढलेला आढळला. पण आठवड्यातून एकदाही नीट व्यायाम न करणाऱ्यांत तो 107 पट होता आणि पाच किंवा अधिक वेळा करणाऱ्यांत केवळ 2.4 पट. एका तासापुरता धोका मुळात अत्यल्प असतो, म्हणून 107 या आकड्याने कोणी खाटेवर पडून राहू नये. पण रविवारीच पराक्रम गाजविणाऱ्याने तो जरूर ध्यानात घ्यावा. छातीवर दाब येणे, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ जाणे, डोळ्यांपुढे अंधेरी येणे, ठोके वेडेवाकडे पडणे, यांपैकी काहीही झाले की तेथेच थांबावे आणि इस्पितळ गाठावे. घरी जाऊन अंग चोळून घेण्यात वेळ दवडू नये.

आणि देश-काल म्हणाल, तर आमचे शहर नागपूर आहे. येथे 23 मे 2013 रोजी पारा 47.9 अंशांवर गेला होता. उन्हात शरीर थंड राखण्यासाठी रक्त त्वचेकडे वळते आणि घामाने त्याचे द्रवमान घटते. मग तेवढ्याच चालीसाठी हृदयाला अधिक ठोके द्यावे लागतात. डिसेंबरात ज्या वेगाने नाडी 125 वर राहते, त्याच वेगाने मे महिन्यात ती सहज 140 च्या पुढे जाईल. तेव्हा उन्हाळ्यात वेग कमी करावा आणि नाडी पूर्वीचीच राखावी. सूर्य वर येण्यापूर्वी फेरी संपवावी, पाणी पिऊन निघावे, आणि शेवटची पाच-सात मिनिटे चाल उतरवीत आणून मगच बसावे, कारण एकदम थांबल्यास रक्त पायांत साचून घेरी येण्याचा संभव असतो.