कंबरदुखी

कंबरदुखी म्हणजे शेवटच्या बरगडीपासून नितंबांच्या खालच्या वळणापर्यंत, पाठीच्या खालच्या भागात होणारी वेदना. ती काही वेळा मांडीत किंवा पायातही उतरते. आयुर्वेदात तिला कटिशूल, तर पायात उतरणाऱ्या वेदनेला गृध्रसी म्हणतात. बोलीभाषेत कंबर धरणे, लचक भरणे, उसण भरणे असे शब्दप्रयोग रूढ आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली जगातील सुमारे ६१.९ कोटी लोकांना हा त्रास होता.

स्वरूप व कारणे

कमरेच्या भागात पाच मणके असून दोन मणक्यांमध्ये कूर्चेची लवचिक गादी असते. ही गादी फुटून मज्जातंतूंच्या मुळांवर दाब आल्यास पायात कळ जाते, हे मिक्स्टर आणि बार या अमेरिकी शल्यचिकित्सकांनी १९३४ साली दाखवून दिले. तेव्हापासून प्रत्येक कंबरदुखीचे खापर गादीवर फोडण्याची प्रवृत्ती वाढली. प्रत्यक्षात सुमारे ९० टक्के रुग्णांत वेदनेचे नेमके कारण एखाद्या विशिष्ट अवयवात दाखविता येत नाही.

‘मणक्यात गॅप आहे’ हे वाक्य महाराष्ट्रात घरोघरी ऐकू येते आणि रुग्णाला विनाकारण धास्तावून सोडते. १९९४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कंबर न दुखणाऱ्या ९८ व्यक्तींची एमआरआय तपासणी केली असता निम्म्याहून अधिक जणांच्या किमान एका गादीला फुगवटा आढळला. त्यामुळे केवळ चित्रात दिसणारा बदल हेच दुखण्याचे कारण, असे मानता येत नाही. गंभीर आजाराची शंका नसल्यास आरंभीच ही तपासणी करण्याची गरज नसते.

विश्रांतीविषयीचा बदललेला विचार

विसाव्या शतकात दीर्घकाळ सक्तीची विश्रांती हाच मुख्य उपचार होता. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत सात दिवस पडून राहिलेल्यांपेक्षा दोनच दिवस विश्रांती घेतलेले रुग्ण कामावर कमी दिवस गैरहजर राहिले, आणि इतर बाबतींत दोन्ही गटांत लक्षणीय फरक दिसला नाही. १९९५ साली फिनलंडमधील हेलसिंकी येथील चाचणीने आणखी पुढचे पाऊल टाकले : झेपेल तितके नेहमीचे व्यवहार चालू ठेवणारे रुग्ण अंथरुणावर पडून राहणाऱ्यांपेक्षा आणि पाठीचे ठरावीक व्यायाम करणाऱ्यांपेक्षाही लवकर सुधारले. पडून राहिल्याने स्नायू दुर्बल होतात आणि हालचालीची भीती बळावते.

आराम मिळविण्याचे उपाय

नव्याने सुरू झालेली कंबरदुखी बहुधा काही आठवड्यांत ओसरते. या काळात गरम शेक आणि थोडे थोडे चालणे उपयोगी पडते. कुशीवर झोपून गुडघ्यांमध्ये उशी घेतल्यास अनेकांना बरे वाटते. पॅरासिटॅमॉलचा मात्र फारसा लाभ होत नाही. ऑस्ट्रेलियातील २०१४ सालच्या मोठ्या चाचणीत ते निष्क्रिय गोळीपेक्षा सरस ठरले नाही. दाहशामक वेदनानाशके परिणामकारक असली, तरी जठर व मूत्रपिंडांवरील दुष्परिणामांमुळे ती वैद्यकीय सल्ल्यानेच घ्यावी लागतात.

तीन महिन्यांहून अधिक टिकणाऱ्या दुखण्यासाठी डिसेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत नियमित व्यायाम, रुग्णशिक्षण, मसाज व मानसोपचार यांना स्थान आहे. कंबरपट्टा व वजन लावून ताण देणे यांची मात्र शिफारस नाही. पट्टा बांधूनच घराबाहेर पडणाऱ्यांची आपल्याकडील संख्या पाहता ही बाब ध्यानात घेण्याजोगी आहे.

तातडीची लक्षणे

लघवी तुंबणे, मलमूत्रावरील ताबा सुटणे, जांघेत व गुदद्वाराभोवती बधिरता येणे किंवा पायातील शक्ती झपाट्याने कमी होणे, यांपैकी काहीही आढळल्यास त्याच दिवशी रुग्णालयात जावे. विलंबाने कायमचे अपंगत्व येऊ शकते. ताप, वजन घटणे, रात्रीही न थांबणारी वेदना किंवा पूर्वी झालेला कर्करोग, हीही तपासणीची कारणे होत. भारतात मणक्याचा क्षयरोग आजही आढळतो.

लोकसमजुती

पायाळू, म्हणजे जन्मतः पाय आधी बाहेर आलेल्या व्यक्तीने पाय लावल्यास उसण जाते, अशी समजूत ग्रामीण महाराष्ट्रात आहे. तिला शास्त्रीय आधार नाही. उसण बहुधा काही दिवसांत आपोआपच उतरत असल्याने श्रेय पायाळू व्यक्तीच्या पदरी पडत असावे.