कुर्ल्याचं डॉज, सोलापूरचा कॅमशाफ्ट

गोविंदपुरम्‌हून बोलतोय. या मालिकेत आपण बहुतेक वेळा तंजावरचे भोसले, मोडी कागद आणि कावेरीकाठची देवळं यांच्याविषयी बोलतो. आजचा इतिहास मात्र लोखंडाचा आहे. अमेरिकेतल्या एका मराठी श्रोत्यानं विचारलंय : त्यांच्याकडे १९६८ चा डॉज चार्जर आहे, ३८३ घनइंचांचं, म्हणजे सव्वासहा लिटरचं इंजिन, ऑटोमॅटिक गिअर. कॅमशाफ्ट झिजलाय. नवा कुठला घालावा? गाडी शर्यतीची नाही, रविवारी घरचे सगळे बसून फिरायला जातात. इंजिनाचा ठोकळा मात्र मूळचा आहे. तो बिघडला तर दुसरा तसा मिळायचा नाही.

आधी कॅमशाफ्ट म्हणजे काय ते पाहू. फिरत्या दांड्याला एक उंचवटा काढायचा. दांडा फिरला की उंचवटा वरची वस्तू उचलतो आणि सोडतो. पाण्याच्या चाकावर मुसळं उचलायला ही युक्ती शेकडो वर्षं वापरात होती. इंजिनात मुसळाच्या जागी वॉल्व्ह आला. वॉल्व्ह कधी उघडायचा, किती उचलायचा आणि किती वेळ उघडा ठेवायचा, हे तीन निर्णय त्या उंचवट्याच्या आकारात घासून ठेवलेले असतात. मिस्त्री त्याला लोब म्हणतात. इंजिनाचा स्वभाव म्हणजे हा लोब.

आता डॉजचं आणि आपलं नातं. १९२८ साली जनरल मोटर्सनं मुंबईत शिवडीला सुटे भाग आणून शेवरलेट जोडायला सुरुवात केली. पण जोडणं वेगळं आणि बनवणं वेगळं. बनवायचा ध्यास घेतला तो सोलापूरला १८८२ साली जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी. त्यांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ ची. त्यांनी करार केला तो क्रायस्लरशी, म्हणजे डॉज आणि प्लिमथच्या मालकांशी. कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज, प्लिमथ आणि फार्गो ही नावं रस्त्यावर आली. त्या मोटारींत सहा सिलिंडरचं, सपाट माथ्याचं इंजिन होतं. कॅमशाफ्ट ठोकळ्यात आणि वॉल्व्हही ठोकळ्यातच. ताकद बेताची, पण ओढ खालच्या गतीपासून. मालानं भरलेल्या ट्रकला आणि खड्ड्यांच्या रस्त्याला तेच हवं होतं.

पुढे १९५० च्या दशकात फियाट ११०० आली. तिचीच पुढे प्रीमियर पद्मिनी झाली. इंजिन १०८९ सीसी, ताकद चाळीसेक अश्वशक्ती. कॅमशाफ्ट अजूनही ठोकळ्यात, पण वॉल्व्ह माथ्यावर, मधे टॅपेट, पुशरॉड आणि रॉकर. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचं हेच इंजिन. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये वीस वर्षांची मर्यादा संपून रस्त्यावरून गेली.

या टॅक्सीतून एक धडा मिळतो. आयातीवर बंधनं होती, नवा भाग सहज मिळत नसे. म्हणून मिस्त्री झिजलेला कॅमशाफ्ट पुन्हा घासून घेत. लोबचं टोक झिजलं की बाकीचा गोल भागही तेवढाच उतरवायचा, म्हणजे उचल पूर्वीइतकी राहते. दांडा बारीक झाल्यानं पडलेली फट रॉकरच्या स्क्रूनं भरून काढायची. काम चालायचं. पण लोबचा कठीण थर वरवरचाच असतो. फार घासलं की आतलं मऊ लोखंड उघडं पडतं आणि पुढची झीज झपाट्यानं होते. म्हणून आमच्या श्रोत्यांना पहिला सल्ला : घासलेला घेऊ नका, नवा घ्या. आणि नव्या कॅमशाफ्टवर टॅपेटही सगळे नवेच घाला. लोबला किंचित उतार असतो, टॅपेटच्या तळाला किंचित फुगवटा, त्यामुळे टॅपेट चालताना स्वतःभोवती फिरतो. जुना टॅपेट जुन्या लोबला घासून बसलेला असतो. तो नव्यावर फिरत नाही, नव्यालाच खातो.

आता अमेरिकेकडे वळू. १९६४ च्या पॉन्टिॲक जीटीओनंतर मध्यम आकाराच्या मोटारीत मोठं इंजिन घालायची चढाओढ लागली. क्रायस्लरचं ४२६ हेमी सात लिटरचं होतं आणि कागदावर ४२५ अश्वशक्तीचं. आपल्या पद्मिनीच्या दहापट! अशा गाड्यांचा उभ्याउभ्या गुडगुडणारा आवाज लोकांना आवडतो. तो येतो कुठून? लांब वेळ उघडे राहणारे वॉल्व्ह असले की धूर बाहेर टाकणारा आणि हवा आत घेणारा, दोन्ही वॉल्व्ह काही क्षण एकदम उघडे असतात. जास्त फेऱ्यांवर त्यानं ताकद वाढते. कमी फेऱ्यांवर मात्र धूर आणि हवा मिसळतात, इंजिन अडखळतं आणि ओढ मरते. शिवाय इंजिनातला निर्वात घटतो. पॉवर ब्रेक असेल तर तो त्याच निर्वातावर चालतो. घरची माणसं गाडीत आहेत आणि ब्रेकचं पेडल दगडासारखं झालंय, हे कुणाला परवडेल?

इथे इतिहास कामाला येतो. १९६८ साली क्रायस्लरनं प्लिमथ रोड रनर काढली, स्वस्तातली वेगवान गाडी. तिच्यात हेच ३८३ इंजिन होतं, पण हेड आणि कॅमशाफ्ट मोठ्या ४४० मॅग्नमचे. ताकद ३३५ अश्वशक्ती लिहिली गेली. साध्या चार नळ्यांच्या कार्ब्युरेटरच्या ३८३ ची होती ३३०. गॅरंटी देऊन, रोज चालवायला विकलेली ती गाडी. म्हणजे रस्त्यावरच्या ३८३ ला किती तिखट चालतं, याचं उत्तर कारखान्यानंच देऊन ठेवलंय. माझं मत : त्या जातीचा कॅमशाफ्ट घ्या, त्याहून पुढे जाऊ नका.

दुकानदार आकडे सांगतील तेव्हा एक विचारा : टॅपेट ०.०५० इंच उचलला गेल्यापासून मोजलेले अंश किती? एकूण अंशांचा आकडा प्रत्येक कंपनी वेगळ्या जागेवरून मोजते, त्याची तुलना फसवी. अशा सहा लिटरच्या आसपासच्या रस्त्यावरच्या इंजिनाला ०.०५० वर साधारण २१० ते २२५ अंश पुरतात. पिस्टन बदललेले असतील आणि दाब कमी झाला असेल, तर खालच्या आकड्याकडे राहा. लांब कॅम आत घेणारा वॉल्व्ह उशिरा मिटतो, आधीच कमी असलेला दाब आणखी गळतो. वॉल्व्हच्या स्प्रिंगाही कॅमला जुळणाऱ्याच हव्यात. सैल स्प्रिंग वॉल्व्ह उडवते, फार ताठ स्प्रिंग लोब झिजवते.

मग तेल. लोब आणि टॅपेटमध्ये घर्षण सोसायला तेलात जस्त आणि फॉस्फरसचं मिश्रण असतं. धूर शुद्ध करणाऱ्या यंत्राला ते बाधतं म्हणून २००४ च्या सुमारास नव्या मोटारींच्या तेलात फॉस्फरसवर ०.०८ टक्क्यांची मर्यादा आली. नव्या गाडीला ठीक, जुन्या सपाट टॅपेटला नाही. जुन्या इंजिनासाठीचं, जस्त जास्त असलेलं तेलच घाला. पहिल्यांदा सुरू केल्यावर वीस-तीस मिनिटं दोन हजारांच्या वर फेऱ्या ठेवा, कारण लोबला तेल मिळतं ते क्रँकनं उडवलेल्या शिंतोड्यांतून. रोलर टॅपेट घेतलात तर ही चिंता मिटते, पण खर्च बराच. शिवाय पोलादी कॅमला ऑइल पंप चालवणारा गिअर जुळणाऱ्या धातूचाच लागतो.

शेवटी पुन्हा सोलापूर. वालचंदांच्या या जन्मगावी १९९२ पासून प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी कॅमशाफ्ट ओतते. साच्यात लोबच्या जागी धातूचे तुकडे बसवतात, वितळलेलं लोखंड तिथे झटकन थंड होतं आणि लोब कठीण बनतो, दांडा मात्र चिवट राहतो. देशोदेशीच्या मोटार कंपन्या तो माल घेतात. कुर्ल्यात अमेरिकन इंजिन बनवायला शिकलो, आता सोलापूरहून कॅमशाफ्ट परदेशी जातो. तेव्हा भाऊ, चार्जरचं बॉनेट उघडाल तेव्हा ती वस्तू आपल्याला परकी नाही, हे लक्षात ठेवा. आणि आवाजासाठी नव्हे, ओढीसाठी निवडा.