जर आणि धागा

मुक्ताईनगरास, म्हणजे पूर्वींच्या एदलाबादेस, राहणाऱ्यांना बऱ्हाणपूर आज परप्रांतांत गेल्यामुळें परकें वाटत असेल. परंतु १६०१ सालीं अकबरानें असीरगड घेतल्यानंतर मोगलांच्या खानदेश सुभ्याची राजधानी तेंच शहर होतें, आणि तापीकांठच्या जरतारीची कीर्ति तेथूनच दूरवर गेली. सतराव्या शतकांत ताव्हेर्निए ह्या फ्रेंच जवाहिऱ्यानें बऱ्हाणपूरचें तलम कापड, त्यांतील कांहीं सोन्यारुप्याच्या पट्ट्यांचें, इराण, तुर्कस्थान, रशिया व पोलंड येथपर्यंत जात असल्याचें लिहून ठेविलें आहे.

ही जर होत असे कशी? रुप्याची कांब घासून स्वच्छ करीत, तिजवर सोन्याचा पत्रा गुंडाळीत आणि आगींत तापवून दोन्ही एकजीव करीत. मग हा पासा पोलादी पट्टीच्या उत्तरोत्तर लहान होत जाणाऱ्या छिद्रांतून ओढीत. कांबेची केसाएवढी तार झाली तरी सोनें वरच राही. ह्या विद्येंतील खरें आश्चर्य मला हेंच वाटतें. धातूची शुद्धता राखावी म्हणून बऱ्हाणपुरांत पूर्वींच्या राजवटींत तार ओढण्याचें काम सरकारी देखरेखीखालीं चाले. ती तार चपटी करून रेशमी धाग्याभोंवतीं वळली कीं कलाबतू तयार झाली. येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. सोनें रुप्याला जडलें होतें. रुपें रेशमाला मुळींच चिकटलें नव्हतें, तें नुसतें वेढे घालून बसलें होतें. धातु आणि तंतु ह्यांची सोयरीक जुन्या कारागिरानें जुळविलीच नाहीं.

ती जुळविण्याची पाळी विसाव्या शतकावर आली. १९४१ सालीं इंग्लंडांत व्हिनफील्ड व डिक्सन ह्यांनीं पॉलिएस्टर शोधून काढलें. तेंहि, मौज अशी कीं, कापड छापणाऱ्यांच्या संस्थेंत. पुढें त्याच्या पापुद्र्यावर निर्वात पेटींत ॲल्युमिनियमची वाफ बसवूं लागले. हा थर किती पातळ? मिलिमीटरचे वीस हजार भाग केले तर त्यांतील एखादा. पापुद्र्याच्या बारीक पट्ट्या कापल्या कीं झाली आजची स्वस्त जर. पण गुळगुळीत प्लॅस्टिकवर थर नीट धरीना, घासला कीं सुटूं लागे. उपाय सांपडला तो धातूंत नव्हे, प्लॅस्टिकांत : पापुद्र्यावर आधीं उच्च दाबाच्या विजेचा विसर्ग सोडला म्हणजे त्याच्या पृष्ठभागीं प्राणवायूचे अणु जडतात, आणि ॲल्युमिनियमला प्राणवायूची ओढ मोठी. त्यावर पुन्हा रोगण, कारण धुण्याचा सोडा ॲल्युमिनियम खातो. सोनेरी रंगहि त्या रोगणाचाच!

ह्या जरीला वडील पिढीच्या गृहिणी नाक मुरडतात, तें रास्तच आहे. खऱ्या जरीचें लुगडें विरलें तरी रुप्याचे पैसे येत. मात्र ह्याच गुणानें जुन्या वस्त्रांचा घात केला. विरलेले पदर जाळून रुपें काढून घेण्याची चाल सर्वत्र होती, आणि वस्त्रसंग्रहालयांत ज्या असावयाच्या अशा कितीतरी पैठण्या मुशींत गेल्या. आजचा पदर त्यासाठीं कोणी जाळणार नाहीं. जाळलाच तर काळा चिकट गोळा तेवढा हातीं येईल.