ज्योतीतून गारवा आणि त्याची निगराणी

इटियाडोहच्या परिसरात धानाची बांधी, मातीची पाळ आणि वैशाखाचे ऊन या तीन गोष्टी कोणाला समजावून सांगाव्या लागत नाहीत. या भागात राहून मी आयुष्यभर थंडावा देणारी यंत्रे दुरुस्त करण्याचे काम केले. त्यामुळे लोक मला एक प्रश्न हमखास विचारतात, "भाऊ, गॅस पेटवला की गरम होते हे समजते. पण गॅस पेटवून गार कसे होते?" प्रश्न रास्त आहे आणि त्याच्या उत्तरामागे दीडशे वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे.

तत्त्व आपल्या माठाचेच आहे. माठाच्या अंगातून पाझरलेले पाणी वाफ होऊन उडते आणि उडताना आतली उष्णता घेऊन जाते. पाण्याऐवजी लवकर उडणारा अमोनिया घेतला तर गारवा बर्फापर्यंत पोचतो. मात्र उडालेला अमोनिया परत आणायचा कसा? विजेच्या फ्रिजमध्ये वायू परत आणण्याचे काम कॉम्प्रेसर करतो. गॅसच्या यंत्रात ते काम पाणी आणि ज्योत मिळून करतात. पाणी अमोनिया शोषून घेते, ज्योत ते मिश्रण तापवून अमोनिया पुन्हा वेगळा काढते, आणि हे चक्र चालू राहते.

हे यंत्र व्यवहारात आणले ते फ्रान्सच्या फर्दिनां कारे यांनी, १८५९ साली. त्यापूर्वी बर्फ म्हणजे निसर्गाची देणगी होती. अमेरिकेतील गोठलेल्या तळ्यांवरचा बर्फ कापून, भुशात गुंडाळून, जहाजाने १८३३ मध्ये कलकत्त्याला आला आणि पुढे मुंबईलाही येऊ लागला. मद्रासला तो साठवण्यासाठी बांधलेले बर्फघर आजही उभे आहे. आता ते विवेकानंदांच्या नावाने ओळखले जाते. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि दक्षिणेकडील राज्यांना उत्तरेचा बर्फ मिळेनासा झाला, तेव्हा कारे यांची यंत्रे तिकडे कामी आली.

पुढची मोठी पायरी स्वीडनमध्ये पडली. १९२२ साली बाल्त्सार फॉन प्लातेन आणि कार्ल मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी अमोनिया व पाण्याच्या जोडीला हायड्रोजन घेतला आणि पंपाचीही गरज उरली नाही. एकही भाग न हलणारा, आवाज न करणारा फ्रिज तयार झाला. इलेक्ट्रोलक्स कंपनीने तो बाजारात आणला. वीज न पोचलेल्या ठिकाणी तो गॅसवर किंवा रॉकेलवर चाले. आपल्या देशातही रॉकेलचे फ्रिज होते. त्याच काळात आल्बर्ट आइन्स्टाइन आणि लिओ झिलार्ड यांनीही हलते भाग नसलेल्या फ्रिजवर काम केले व १९३० मध्ये अमेरिकेत पेटंट मिळवले. फ्रिजमधून गळलेल्या विषारी वायूने बर्लिनमधील एक कुटुंब दगावल्याची बातमी वाचून आइन्स्टाइन अस्वस्थ झाले होते, असे सांगतात.

अमेरिकेतील सर्व्हेल कंपनीने १९२६ पासून गॅसचे फ्रिज घरोघरी पोचवले. १९४० च्या दशकात तिने आणखी एक पाऊल टाकले. हिवाळ्यात घर ऊबदार आणि उन्हाळ्यात गार ठेवणारे, गॅसवर चालणारे एकच यंत्र बाजारात आणले. त्यात अमोनियाऐवजी पाणी आणि लिथियम ब्रोमाइड नावाचे मीठ होते. याच तत्त्वावरची मोठी यंत्रे आज आपल्या पुण्याची थरमॅक्स कंपनी बनवते. कारखाने, रुग्णालये, मोठी कार्यालये यांना ती गारवा पुरवतात, आणि काही तर उष्णताही देतात.

इथवरचा इतिहास पुस्तकांत सापडतो. यंत्र लावल्यावर पुढची वीस-तीस वर्षे ते चालते ठेवणाऱ्यांचा इतिहास मात्र फारसा कोणी लिहीत नाही. खरे तर यंत्राचे यश तिथेच ठरते.

"हलते भाग नाहीत म्हणजे देखभाल नाही," अशी लोकांची समजूत असते. वस्तुस्थिती वेगळी आहे. पंप नसल्यामुळे आतला द्रव केवळ उतारावर वाहतो, म्हणून असा फ्रिज समतल जागी उभा नसेल तर गारवा बंद पडतो. बर्नरवर कोळ्याची जाळी, धूळ किंवा काजळी साचली की निळी ज्योत पिवळी पडते. पिवळी ज्योत म्हणजे अर्धवट जळलेला गॅस, आणि अर्धवट जळलेला गॅस म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. त्याला ना रंग, ना वास. धुराडे तुंबले असेल तर तो घरातच साठतो. सर्व्हेलचे जुने फ्रिज कंपनीने हे काम सोडल्यानंतरही दुर्गम घरांत अनेक वर्षे चालू राहिले, आणि त्यांच्या बर्नरची सफाई न झाल्याने माणसे दगावली. शेवटी अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाला १९९० च्या दशकात इशारा द्यावा लागला. यंत्राची रचना तीच होती. ब्रश फिरवणारा हात तेवढा राहिला नव्हता.

मोठ्या यंत्रांची तऱ्हा निराळी. लिथियम ब्रोमाइडच्या यंत्रात आतून हवा काढून घेतलेली असते. बारीकशी गळती झाली तरी हवा आत शिरते, गारवा घटतो आणि लोखंड गंजू लागते. मिठाचे द्रावण प्रमाणाबाहेर घट्ट झाले तर त्याचे खडे बनून नळ्या बंद होतात. बाहेरच्या पाण्यात क्षार असतील तर नळ्यांवर थर चढतो. म्हणून रोज तापमानाची नोंद, ठरलेल्या वेळी हवा काढणे, द्रावणाची तपासणी, वर्षातून एकदा नळ्यांची सफाई ही कामे चुकवून चालत नाहीत.

आमच्या भागातल्या लोकांना ही गोष्ट नवी नाही. इटियाडोहचे धरण गाढवी नदीवर १९७० च्या सुमारास उभे राहिले. पण त्याच्या कितीतरी आधी कोहळी समाजाने इथे गावोगाव तलाव बांधले होते. नवेगाव बांध त्यातला सर्वांना ठाऊक असलेला. पाळीवर माती चढवणे, तुडूम साफ करणे, गाळ काढून तो शेतात टाकणे ही कामे उन्हाळ्यात ठरलेली असत. १९५१ मध्ये मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे गेले. मालगुजारी जाणे योग्यच होते. पण तिच्याबरोबर गाळ काढण्याची जबाबदारी नेमकी कोणाकडे गेली, हे स्पष्ट राहिले नाही, आणि अनेक तलाव उथळ होत गेले. तलाव काय, यंत्र काय, मालक बदलताना निगराणीची पाळी कोणाची हे आधी ठरवावे लागते.

आता तुम्ही म्हणाल, आमच्या घरी गॅसवरचा फ्रिज नाही, हे आम्हाला कशाला? पण गॅसचा गीझर अनेक घरांत आहे. त्याची ज्योतही त्याच जातीची. बंद न्हाणीघरात, खिडकी लावून तो चालवल्याने महाराष्ट्रातल्या शहरांत तरुण माणसे गेल्याच्या बातम्या आपण हिवाळ्यात वाचतो. म्हणून चार गोष्टी सांगतो. गीझर शक्यतो न्हाणीघराबाहेर बसवा. हवा खेळती ठेवा. ज्योत निळी आहे ना, ते आठवड्यातून एकदा पाहा. पिवळी दिसली तर गीझर बंद करून जाणकाराला बोलवा. आणि वर्षातून एकदा, थंडी सुरू होण्याआधी, बर्नर व नळी तपासून घ्या, मग गीझर व्यवस्थित चालत असला तरीही.

शेवटची अट लोकांना पटत नाही. "चालते आहे ना, मग उघडता कशाला?" हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकले आहे. माझे उत्तर ठरलेले असे. पाळ फुटल्यावर माती टाकायला सारा गाव धावतो, पण तोवर बांधीतला धान वाहून गेलेला असतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)